घरच्या घरी फायटर माशांची पैदास: गोव्यातल्या नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत गेली काही वर्षं मी फायटर मासे वाढवतो. ओळखीपाळखीतून फोन येतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. माशाचं पुस्तकी नाव बेट्टा. पण दुकानात जाऊन "बेट्टा द्या" म्हटलं तर काउंटरवरचा पोरगा "कोण बेटा?" अशा नजरेनं बघतो. इथे सगळे फायटरच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

पैदास करायचीय. आधी नर आणू की मादी?

दोन्ही नको. आधी पिल्लांच्या जेवणाची सोय करा आणि रिकाम्या बरण्या गोळा करा.

गंमत करत नाही. या माशांचं लग्न लावणं सोपं आहे, एकदा जमलं की दोन-चार तासांत अंडी होतात. एका वेळी शंभरापासून तीनशेपर्यंत, कधी त्याहून जास्त. चार-पाच दिवसांत ती सगळी पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या तोंडानं जेवण मागायला लागतात. तीन महिन्यांनी त्यातला एकेक नर दुसऱ्याची शेपटी फाडायला लागतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र खोली लागते. बहुतेकांचा खेळ या दोन जागी संपतो. अंडी कशी होतील याचीच सगळ्यांना काळजी, आणि अडतं नेमकं त्याच्यापुढे.

हा मासा आपल्याकडचा का?

नाही. थायलंड आणि आजूबाजूच्या प्रदेशातला. तिथली भातशेतं, दलदली, गवताळ ओहोळ हे त्याचं घर. रेगन या इंग्रज अभ्यासकानं १९१० साली त्याला बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव दिलं, आणि २०१९ मध्ये थायलंडनं त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. थाई भाषेत त्याला 'प्लाकाट' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. आपल्याकडे आखूड शेपटीच्या फायटरला दुकानदार प्लाकाट म्हणतात, तो हाच शब्द.

भातखाचरातल्या गढूळ, कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला एक जादा अवयव असतो. मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि या अवयवातून श्वास घेतो. एवढं लक्षात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं त्यातून निघतात.

जोडी कशी निवडावी?

नर लांब पंखांचा, मादी आखूड पंखांची, हे सगळ्यांना माहीत असतं. फसगत प्लाकाट जातीत होते, तिथे नरही आखूड पंखांचाच. तेव्हा पोट बघा. मादीच्या पोटाखाली, मागच्या लांब पंखाच्या सुरुवातीला एक पांढरा ठिपका दिसतो. ती अंडी घालायची नळी. ठिपका कोवळ्या नरातही कधीकधी दिसतो, म्हणून पोटाचा गोलसरपणाही बघायचा.

वय चार महिने ते एक वर्ष. दुकानातला भव्य, झुपकेदार हाफमून, म्हणजे अर्धचंद्रासारख्या शेपटीचा, नर पाहून भुलू नका. एक तर तो बहुधा वयस्क असतो, आणि शेपटी एवढी जड की मादीला नीट वेढा घालता येत नाही, धापा टाकत बसतो. पहिल्या खेपेला प्लाकाट किंवा साधी शेपटी घ्या. दोन शेपट्यांचा नर आणि दोन शेपट्यांची मादी ही जोडी लावू नका, पिल्लांत आखूड आणि वाकड्या पाठीचं प्रमाण वाढतं. एक डबलटेल, दुसरा साधा, असं चालतं.

रंगाचं गणित पहिल्या वेळी डोक्यातून काढून टाका. विशेषतः कोई म्हणून विकतात त्या ठिपकेदार माशांचा रंग वाढत्या वयात बदलत राहतो. लाल-पांढरा आणला आणि सहा महिन्यांनी निळा झाला, म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

शक्य असेल तर मादी ज्याच्याकडे जन्मली त्याच्याकडूनच घ्या. वय खरं कळतं.

टाकी केवढी हवी?

मोठी काचेची टाकी लागतच नाही. पंधरा-वीस लिटरचा टब पुरे, आणि त्यात पाणी फक्त चार ते सहा इंच. नर खाली पडलेली अंडी तोंडात घेऊन वर घरट्यात नेतो. पाणी खोल असेल तर बिचाऱ्याची दमछाक होते.

मी मासळी बाजारातली थर्माकोलची पेटी वापरतो, ज्यात बर्फ घालून इसवण-बांगडे येतात ती. ऊब छान धरते. पण वास आणि खारटपणा जाईपर्यंत धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा, परत धुवा. साबण नको. एकच अडचण, पांढऱ्या तळावर पांढरी अंडी आपल्याला दिसत नाहीत.

तळाला वाळू-खडे टाकू नका. एका कोपऱ्यात झाडोऱ्याचा गठ्ठा हवाच, मादीला लपायला. पाण्यावर थर्माकोलचा कप उभा अर्धा कापून चिकटवा, नर त्याच्या आडोशाला घरटं करतो. फिल्टर बंद. पाणी हललं की बुडबुड्यांचं घरटं फुटतं.

पाणी नळाचं की विहिरीचं?

आमच्याकडे ओपाचं नळाचं पाणी येतं. बार्देशात अस्नोड्याचं, दक्षिणेत साळावलीचं. कुठलंही असलं तरी त्यात क्लोरीन असतं. बादलीत उघडं काढून एक-दोन दिवस ठेवा, किंवा दुकानातलं क्लोरीन मारायचं औषध घाला. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की नळाला कधीकधी क्लोरीनचा उग्र वास येतो, तेव्हा औषधाशिवाय वापरू नका.

विहिरीचं पाणी आमच्या भागात जांभ्या दगडातून झिरपून येतं, त्यामुळे मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. फायटरला ते मानवतं. समुद्राजवळ किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या भातजमिनीच्या, कडेला राहणाऱ्यांनी मात्र आधी चव घेऊन बघा, उन्हाळ्यात तिथल्या विहिरी खारावतात.

तापमान २६ ते २८ अंश. ज्या पाण्यात मासे आधीपासून आहेत त्याच प्रकारचं पाणी पैदाशीच्या टबात घ्या. आकड्यांच्या मागे धावून पाणी रोज बदलण्यापेक्षा हे बरं.

बदामाचं पान खरंच लागतं का, की दुकानदारांची टूम?

लागतंच असं नाही, पण मी टाकतो. पॅकेटमधून विकत घेऊ नका, एवढंच. शाळेच्या आवारात, देवळासमोर, किनाऱ्यावर जे छत्रीसारखं पसरलेलं बदामाचं झाड असतं, लहानपणी ज्याची फळं दगडानं फोडून खाल्ली तेच हे. आपोआप गळलेलं, लालसर-तपकिरी, वाळलेलं पान घ्या. रस्त्याकडेचं, धूळ-धूर बसलेलं नको. धुवा आणि हातभर टबात अर्धं पान टाका. पाणी चहासारखं होतं, ते तसंच असू द्या. पानातल्या द्रव्यांमुळे बुरशी कमी धरते, आणि नर पुष्कळदा त्या पानाखालीच घरटं बांधतो. कुळागरातलं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतलं, वाळलेलं केळीचं पानही चालतं, मात्र फवारणी झालेलं नको.

मादीला टबात कधी सोडायचं? नर मारेल ना?

मारेल. थोडं मारणं हा त्यांच्या रीतीचाच भाग आहे, पण मरेपर्यंत मारू द्यायचं नाही.

आधी दहा-बारा दिवस दोघांना वेगवेगळं ठेवून चांगलं खाऊ घाला. डासांच्या अळ्या, गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव), थोडं थोडं, दिवसातून दोनदा. मग नराला टबात सोडा. दुसऱ्या दिवशी मादीला काचेच्या बरणीत घालून ती बरणी टबात उभी करा. दोघांची नजरानजर होऊ द्या. नर फुलून दाखवतो, जाऊन बुडबुडे सोडतो, परत येतो. तयार मादीच्या अंगावर उभे पट्टे येतात आणि ती डोकं खाली करून पोहते. आडवे पट्टे म्हणजे घाबरलीय, थांबा.

घरटं झालं आणि उभे पट्टे दिसले की संध्याकाळी बरणी अलगद कलती करा. माझ्या पहिल्या वेळी मी झाडोरा न घालता दोघांना एकदम सोडलं आणि रात्री जेवायला गेलो. परत आलो तर मादीची शेपटी चिरगुटासारखी झालेली आणि ती हीटरच्या मागे अंग चोरून उभी. जगली, पण पुढचे दोन महिने नराच्या सावलीलाही जाईना. पहिले काही तास जवळ बसा. दोन दिवसांत काही घडलं नाही तर मादीला बाहेर काढा, आठवड्यानं परत बघा.

अंडी घालताना नक्की काय होतं?

हे एकदा तरी बघाच, मोबाइल बाजूला ठेवून.

मादी घरट्याखाली येते, नराला बगलेत ढोसते. नर तिच्याभोवती इंग्रजी यू अक्षरासारखा वाकतो आणि तिला आवळतो. सुरुवातीचे चार-सहा वेढे फुकट जातात, नवखा असेल तर शेपटीलाच मिठी मारतो. मग एकदा नीट जमतं. दोघं काही सेकंद लाकडासारखी ताठ होतात. वेढा सुटला की मादी आडवी, मेल्यासारखी तरंगत राहते. पहिल्यांदा बघणारा इथे घाबरतो, पण हात घालू नका. तिच्या पोटाखालून बारीक रव्यासारखे पाच-दहा पांढरे दाणे खाली पडतात. नर भानावर येऊन झेपावतो, एकेक दाणा तोंडात घेतो, वर जातो आणि बुडबुड्यात थुंकून चिकटवतो. काही माद्याही उचलायला मदत करतात, काही उचलून सरळ गिळतात. हे दोन-तीन तास चालतं. शेवटी नर मादीला हाकलायला लागतो. तेव्हा तिला जाळीनं नाही, वाटीनं अलगद काढा आणि आठवडाभर एकटी ठेवा, बदामाच्या पाण्यात.

नरानं अंडी खाल्ली. आता?

पहिल्या वेळी पुष्कळ नर खातात. कधी अंडी फळलेलीच नसतात, कधी घरातली मंडळी दर दहा मिनिटांनी टॉर्च मारून बघतात म्हणून. टबाच्या बाजूंना कागद लावा. रात्री मंद दिवा चालू ठेवला तर खाली पडलेली अंडी त्याला दिसतात. तीनदा खाल्ली तर मात्र तो नर बदला.

नराला कधी काढायचं?

अंडी साधारण दीड दिवसात फुटतात. नंतर दोन-तीन दिवस पिल्लं शेपटी खाली करून स्वल्पविरामासारखी घरट्याला लटकतात, पडली की बाप उचलून परत लावतो. आडवी होऊन स्वतः पोहू लागली की त्याचं काम संपलं, त्याच दिवशी काढा. तोवर तो फारसं खात नाही, त्याच्यासाठी टबात खाणं टाकू नका.

पिल्लांना काय खायला द्यायचं? अंड्याचा बलक चालतो का?

बलक चालतो असं सगळे सांगतात. ज्यांनी दिला त्यांचं पाणी दुसऱ्या दिवशी कुजलं, हे कोणी सांगत नाही. नवशिक्यानं नको.

लटकलेली असताना पोटातल्या पिशवीवर ती जगतात. पोहू लागली की पहिले तीन-चार दिवस सूक्ष्मजीवांचं पाणी. ते जोडी सोडायच्या आठवडाभर आधीच लावायचं. जुन्या टाकीचं पाणी बरणीत घ्या, त्यात वाळलेलं कोबीचं पान किंवा केळीच्या सालीचा छोटा तुकडा टाका, तोंडाला फडकं बांधून उजेडात ठेवा. पाणी आधी दुधाळ होऊन घाण वास मारतं, मग हळूहळू निवळतं. निवळल्यावर उजेडात धरून पाहिलं तर धुळीसारखं काहीतरी हलताना दिसतं, ते जेवण. पावसाळ्यात ऊन नसल्यानं दोन-तीन दिवस जास्त लागतात. थोडं थोडं, दिवसातून तीनदा द्या.

त्यानंतर आर्टेमिया, आणि याला पर्याय नाही. शीतपेयाची एक लिटरची बाटली बुडाशी कापून उलटी टांगा. एक लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम मीठ. आगरवाड्याकडच्या मिठागरातलं जाड मीठ आमच्या घरी असतंच, मी तेच घालतो, आयोडीनयुक्त पुडीतलं नाही. पाव चमचा अंडी, तळापर्यंत हवेची नळी, वर दिवा. २४ ते ३० तासांत नारिंगी ठिपके नाचायला लागतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, जिवंत आर्टेमिया खाली जमतात. नळीनं खालचं पाणी सुती फडक्यातून गाळा, गोड्या पाण्यानं एकदा धुवा आणि ड्रॉपरनं द्या. भिंग घेऊन बघा, पिल्लांची पोटं नारिंगी दिसली म्हणजे जेवली.

आता माझी चूक. एका वर्षी ऐन चवथीच्या आठवड्यात दोनशेच्या आसपास पिल्लं पोहायला लागली. आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर, मे महिन्यापासून अर्धा उघडलेला. जूनपासूनच्या दमट हवेत अंडी भिजून मेलेली, बाटलीत दोन दिवस हवा सोडूनही एक ठिपका हलेना. बाजार बंद, घर पाहुण्यांनी भरलेलं, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची धांदल. विसर्जनापर्यंत बारा पिल्लं उरली. तेव्हापासून डबा हवाबंद करून फ्रिजमध्ये, आणि जोडी सोडायच्या आदल्या आठवड्यात चिमूटभर अंडी उबवून बघितल्याशिवाय मी मादीची बरणी उचलत नाही. आई अजून विचारते, "दोहाळे झाले, आता बाळंतविड्याचं बघितलंस का?"

डासांच्या अळ्या चालतील का? परसात फुकट मिळतात.

मोठ्या माशांना उत्तम. पिल्लांना दीड महिन्यापर्यंत नको, अळीच पिल्लापेक्षा मोठी असते. गटाराच्या पाण्यातल्या नकोत. आणि अळ्यांसाठी मुद्दाम बादली भरून ठेवत असाल तर तीन-चार दिवसांत गाळून संपवा. डेंग्यूच्या दिवसांत साचलेलं पाणी तपासायला येणाऱ्या आरोग्यसेविकेला "माशांसाठी ठेवलंय" हे उत्तर पटत नाही, आणि तिचं बरोबर असतं. मुंग्या येऊ नयेत म्हणून टबाखाली पाण्याची ताटली ठेवता ना, तिच्यातही डास होतात.

टबावर झाकण कशाला?

तिसऱ्या आठवड्याच्या पुढे पिल्लांचा हवा घेणारा अवयव तयार व्हायला लागतो आणि ती पहिल्यांदा वर येऊन हवा गिळतात. त्या वेळी वरची हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट हवी. पंख्याचा किंवा एसीचा झोत लागला तर एका रात्रीत पिल्लं जातात. गोव्याची हवा दमट असली तरी झाकण ठेवाच. डिसेंबर-जानेवारीत आतल्या तालुक्यांत पहाटे चांगलाच गारठा पडतो, तेव्हा पहिले दोन महिने छोटा हीटर लागतो.

पावसात वीज गेली तर?

मोठ्यांचं काही अडत नाही. थर्माकोलच्या पेटीत ऊब काही तास टिकते. आर्टेमियाची बाटली मात्र हवेशिवाय वाया जाते, बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा.

पिल्लं रोज दहा-बारा मरतात. काय चुकतंय?

पहिल्या आठवड्यात मरत असतील तर उपासमार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मरत असतील तर उरलेलं जेवण तळाला कुजतंय. हवेच्या पातळ नळीनं रोज तळ ओढा, आणि ओढलेलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्या, त्यात हमखास दोन-चार पिल्लं येतात. नवं पाणी थेंबाथेंबानं सोडा. दहा दिवसांनंतर स्पंजचा फिल्टर अगदी मंद लावता येतो. टॉर्चच्या उजेडात अंगावर सोनेरी भुकटी दिसली तर तो वेल्वेट नावाचा परजीवी, टब अंधारात ठेवा आणि औषध लगेच करा.

नर वेगळे कधी करायचे?

दोन-तीन महिन्यांत. पंख पसरून एकमेकांवर धावायला लागले की. प्रत्येकाला निदान दोन लिटरची रुंद तोंडाची बरणी. फेणीच्या मोठ्या काचेच्या बाटल्या दिसायला झकास, पण तोंड अरुंद, हवा घ्यायला जागा कमी आणि हात जात नाही. माद्या बहुतेक एकत्र राहतात.

चाळीस नर म्हणजे चाळीस बरण्या, आणि दर दोन-तीन दिवसांनी चाळीसांचं पाणी बदलायचं. हे गणित जोडी आणायच्या आधी घरात सांगा.

विकून पैसे सुटतात का?

म्हापसा, मडगावच्या दुकानदारांना मोठे, रंग भरलेले नर हवे असतात. माद्या कोणी घेत नाही, आणि निम्म्या माद्याच असतात. आर्टेमिया, वीज आणि तुमचे तास धरले तर छंद म्हणूनच करा.

उरलेले मासे विहिरीत किंवा ओहोळात सोडू का? डास तरी खातील.

नको. रंगीबेरंगी लांब शेपटीचा नर खंड्याला लांबूनच दिसतो, तो संध्याकाळ बघत नाही. आणि जे तगतील ते आणखी वाईट, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात सोडलेले फायटर नदीकाठच्या पाणथळीत वस्ती करून राहिलेत. टाकीतले रोगही बरोबर जातात. डासांसाठी इथलाच मासा आहे. अ‍ॅप्लोचायलस ब्लॉकी या बोटाच्या पेराएवढ्या स्थानिक माशावर गोव्यात मलेरियाच्या संशोधकांनी चाचण्याही घेतल्या आहेत. जास्तीची पिल्लं ओळखीत वाटा, नाहीतर पुढची जोडी लावू नका.

एकदा दोन नरांची झुंज बघायचीय. नुसती दोन मिनिटं?

हा प्रश्न शाळकरी मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त विचारतात. प्राण्यांना करमणुकीसाठी झुंजायला लावणं १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आपल्याकडच्या धीरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजीवर, उच्च न्यायालयानं १९९६ साली बंदी घातली, आणि कायदा काही फक्त बैलांपुरता नाही. नराला पंख फुलवताना बघायचं असेल तर दोन मिनिटं आरसा दाखवा. दिवसातून एकदाच.

तीच जोडी परत कधी लावता येते?

दोघांनाही निदान तीन आठवडे विश्रांती द्या. मादीचे पंख भरून आले आहेत ना बघा. आणि आर्टेमियाचा डबा उघडून एकदा तपासा.